त्या दुपारचा आवाज

माझ्या दादाला गल्लीत सगळे टकटक्या म्हणतात. लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायची आणि कान लावून ऐकायचं, ही त्याची सवय. दार असो, बाकडं असो, शिडी असो, त्याला काही वर्ज्य नाही. एकदा डॉक्टर त्याची नाडी बघत होते, तर याने दुसऱ्या हाताने त्यांचं टेबल वाजवलं आणि म्हणाला, "हे लाकूड नाहीच. दाबलेला भुसा आहे. फसवलं तुम्हाला." डॉक्टरांनी नाडी सोडली आणि टेबलाखाली वाकून बघितलं.

दादा व्हायोलिनं बनवतो आणि दुरुस्त करतो. तळमजल्यावर त्याचं वर्कशॉप, त्याला लागून मागच्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी, आणि वरच्या मजल्यावर मी आणि माझं शिलाई मशीन. लोकांचे कपडे सैल करायचे, घट्ट करायचे, उसवलेलं शिवून द्यायचं, हा माझा धंदा. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला सुराबद्दल खोदून विचारणार नाही. माणसांची तोंडं मात्र मला वाचता येतात. कपड्याचं माप घेताना माणूस आरशात बघतो आणि मी त्याच्याकडे बघते, त्यात बरंच काही कळतं.

दादाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. वहिनीच्या जुन्या व्हायोलिनचा एका दुपारी ऐकलेला आवाज त्याला स्वतःच्या हाताने घडवलेल्या नव्या व्हायोलिनमध्ये आणायचा होता. त्यापायी त्याने निम्मं आयुष्य घालवलं आणि आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं.

त्या दुपारची हकिकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की आपण स्वतः तिथे होतो असं मला वाटायला लागलंय. दादा तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराकडे काम शिकत होता. म्हातारा जेवून आतल्या खोलीत घोरत पडला होता. दादा स्टोव्हवर सरस गरम करत होता. कातडी आणि हाडं उकळून काढलेला हा डिंक. व्हायोलिन चिकटवायला दुसरं काही चालत नाही. त्याचा वास असा की आमच्याकडे नवखं गिऱ्हाईक आलं तर आधी स्वतःच्या चपला बघतं. तर अशा त्या वासात एक मुलगी काळी पेटी घेऊन दारात उभी राहिली. पेटीत तिच्या आजोबांच्याही आधीपासून घरात असलेलं व्हायोलिन होतं.

"काय झालंय याला?" दादाने विचारलं.

"ऐका," ती म्हणाली.

तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि चारही तारांवरून एकेकदा गज ओढला. गाणं वाजवलं नाही, तारांवर बोटंही ठेवली नाहीत. चार मोकळ्या तारा, बस्स. दादा म्हणतो, सूर निघायच्या आधी कुणीतरी श्वास घेतल्यासारखं ऐकू आलं. मग सूर आला, आणि गज उचलल्यावरही थोडा वेळ तिथेच रेंगाळला. इकडे सरस उतू जाऊन स्टोव्हवर सांडला तरी याला पत्ता नाही.

"खालच्या बाजूला सांधा उघडलाय," ती मुलगी म्हणाली. "जोडून द्याल?"

दादाने जोडून दिला. म्हाताऱ्याचा हात न लागता त्याने केलेलं ते पहिलं काम. पुढे त्या मुलीच्या खेपा वाढल्या. कधी तार सैल झाली, कधी खुंटी घसरते, कधी गजाचे केस बदलायचे. म्हाताऱ्याने एकदा सगळं बघून घेतलं आणि म्हणाला, "या व्हायोलिनला एवढे आजार असते तर ते कधीच मेलं असतं." अशी ती माझी वहिनी झाली.

सांध्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण गोष्ट त्यावरच आहे. व्हायोलिनची पुढची फळी, मागची फळी आणि मधल्या पातळ बरगड्या, हे सगळं एकमेकांना नुसत्या सरसाने चिकटवलेलं असतं. आणि तो सरस मुद्दाम पातळ ठेवतात. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं. तेव्हा कुठेतरी ताण सुटायला हवा. सांधा कच्चा असला तर सांधा उघडतो, आणि तासाभरात पुन्हा जोडता येतो. सांधा नको तितका पक्का असला तर लाकूडच फाटतं, मग बसा रडत. त्यामुळे चांगला कारागीर सांधा असा जोडतो की पुढच्या कारागिराला तो सहज उघडता यावा. हे म्हाताऱ्याने दादाच्या डोक्यात इतकं ठासून भरलं होतं की दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक व्हायोलिनवर दादा आधीच्या कारागिराचा उद्धार करतो. "कुठल्या गाढवाने एवढा सरस ओतलाय," हे वाक्य मला वर ऐकू आलं की मी समजते, नवीन काम आलं.

आता त्या आवाजाचं. लग्नानंतर वहिनी बरीच वर्षं कार्यक्रमांतून वाजवत होती आणि लोक वाहवा करत होते. व्हायोलिन मोठं आणि स्वच्छ वाजायचं म्हणे. दादा तेवढा मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "तो आवाज आत आहे. बाहेर येत नाहीये, पण आहे." कधी हवेला दोष द्यायचा, कधी तारांना, कधी घराच्या भिंतींना. मी म्हणायचे, "अरे, तू तेव्हा जवान होतास आणि समोर देखणी मुलगी उभी होती. तिने पत्र्याचा डबा वाजवला असता तरी तुला श्वास ऐकू आला असता." यावर तो माझ्याशी अबोला धरायचा, आणि जेवायच्या वेळी विसरायचा.

त्याच्या धंद्यातल्या लोकांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जुन्या कारागिरांच्या हाताला गुण होता, त्यांच्या रोगणात काहीतरी होतं, तसं लाकूड आता उगवत नाही, आता तसा आवाज होणे नाही. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड, नुसतं जुनेपणाचं कौतुक. दादा तिसऱ्या तटात, आणि त्या तटात तो एकटाच. जुना आवाज खरोखर वेगळा आहे, तो नव्या लाकडात आणता येतो, आणि तो मी आणणार.

मग सुरू झाले प्रयोग. लाकडाच्या फळ्या गच्चीवर उन्हात वाळवल्या. धुरात टांगल्या, तर माझ्याकडे शिवायला आलेल्या एका नवरीच्या पोशाखाला धुराचा वास लागला आणि मला तो दोनदा धुवावा लागला. रोगण शिजवण्यात वहिनीची चांगली पातेली गेली. एका वर्षी कुणीतरी सांगितलं की व्हायोलिनला सतत कंप मिळाला की त्याचं लाकूड लवकर मुरतं. झालं. दादाने नवं व्हायोलिन रेडिओसमोर टांगलं आणि रेडिओ सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू. बातम्या, बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, सगळं त्या व्हायोलिनने ऐकलं. त्याला अक्कल आली असेल, आवाज काही आला नाही.

प्रत्येक नवं व्हायोलिन तयार झालं की वहिनी ते वाजवून बघायची. दादा तिच्या तोंडाकडे बघायचा. ती म्हणायची, "छान आहे हो." मग दादा ते उचलायचा, विकायच्या कपाटात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नवी फळी टकटक करायला घ्यायचा. या "छान आहे"मध्ये काहीतरी गिळलेलं असायचं, हे मला कळायचं. मला वाटायचं, नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बिचारी खोटं बोलते.

वहिनी तशी हसरी. पण वर्षातून एक दिवस तिचा गप्प जायचा. भर उन्हाळ्यात, दारं आक्रसून कड्या सैल व्हायला लागल्या की ती तिचं जुनं व्हायोलिन पेटीतून काढायची, मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याचं नख त्याच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवायची. एकदा इकडून, एकदा तिकडून. मला वाटायचं, फटीतली धूळ काढते. मग ते व्हायोलिन पेटीत जायचं आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे घासत बसायची.

काही वर्षांपूर्वी तिच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. आधी बरणीची झाकणं उघडेनात, मग बटणं लागेनात. मी तिच्या सगळ्या कपड्यांची बटणं काढून चिकटपट्ट्या लावून दिल्या. एके दिवशी ती वाजवताना मध्येच थांबली, बोटांकडे बघून म्हणाली, "ही आता माझं ऐकत नाहीत," आणि व्हायोलिन पेटीत ठेवलं. औषधं झाली, शेक झाले, डॉक्टरांनीही हात टेकले.

तेव्हापासून दादाचा जीव टांगणीला लागला. तोवर तो त्या आवाजामागे सावकाश चालत होता, आता धावायला लागला. एकदा मी खाली कात्री धार लावायला नेली होती तेव्हा म्हणाला, "धाकटे, तिची बोटं पार बसायच्या आत मला तो आवाज तिच्या हातात द्यायचाय. एकदाच वाजवू दे तिला. मग मी पटाशी खाली ठेवीन." मी नेहमीसारखी थट्टा करणार होते, पण त्याच्याकडे बघून नुसती कात्री पुढे केली.

त्याने वहिनीचं जुनं व्हायोलिन टेबलावर घेतलं आणि त्याची इंच इंच मापं काढली. फळी कुठे जाड, कुठे पातळ, कुठे उतार, कुठे उंचवटा. प्रत्येक ठिकाणी टकटक करून तिथला आवाज मनात साठवला. तशीच दुसरी फळी कोरली, तशाच बरगड्या वाकवल्या, तसंच रोगण चढवलं. जुन्याच्या पाठीवरचा ओरखडा तेवढा नव्यावर काढला नाही. व्हायोलिन तयार झालं तेव्हा दोन्ही शेजारी ठेवली तर मला आई-लेक बसल्यासारख्या वाटल्या.

दादाचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, मोठ्या वाद्यवृंदात वाजवणारी बाई. इतकी उंच की आमच्या दारातून वाकून येते. आम्ही तिला उंचबाई म्हणतो. वहिनीची बोटं चालत नव्हती, म्हणून नवं व्हायोलिन तिने वाजवून बघितलं आणि म्हणाली, "हे पडद्याआड वाजवू या. लोकांना ओळखू दे जुनं कुठलं आणि नवं कुठलं." संगीतशाळेच्या हॉलमध्ये बेत ठरला. पडदा मी शिवला. दोन चादरी जोडून, कारण एका चादरीतून उंचबाईची सावली दिसत होती आणि सावलीवरून व्हायोलिन ओळखतो म्हणणारेही महाभाग असतात. उंचबाईलासुद्धा काळा चष्मा लावला, म्हणजे हातात कुठलं आहे ते तिलाही दिसू नये.

हॉल भरला होता. शिक्षक, वादक, दोन-चार कारागीर, आणि आम्ही तिघं. तोच तुकडा आधी एका व्हायोलिनवर, मग दुसऱ्यावर. मला पहिलं मोठं वाटलं आणि दुसरं पण मोठं वाटलं. लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या. शाळेच्या मुख्य बाईंनी त्या उघडून बघितल्या आणि सांगितलं की कुणालाच धड ओळखता आलेलं नाही. आणि आवडलं कुठलं म्हणाल, तर बऱ्याच जणांना नवं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. जे जुन्याचे भक्त होते त्यांनीही उठून दादाशी हात मिळवला. उंचबाईने काळा चष्मा कपाळावर चढवला, नवं व्हायोलिन छातीशी धरलं आणि म्हणाली, "हे मी आता खाली ठेवणार नाही."

मी दादाकडे बघितलं. घरातलं कुणी गेल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. वहिनी मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

घरी चालत येताना मला राहवलं नाही. "तुला नेमकं काय हवं होतं रे? जिंकलास ना?"

"दोन्ही अगदी सारखी वाजली," दादा म्हणाला.

"मग?"

"आणि दोन्हींत तो नव्हता." त्याने वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. "नव्यात नव्हता तर मी म्हटलं असतं, माझा हात कमी पडला. पण जुन्यातही नाही. आज शेजारी शेजारी ऐकल्यावर पक्कं कळलं. मग मी इतकी वर्षं कशाच्या मागे होतो? तू म्हणायचीस तेच खरं असेल. पत्र्याचा डबा."

मला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. वहिनी पुढे चालत होती, ती एकदम थांबली आणि चपलेचा पट्टा लावायला वाकली. तिच्या बोटांना तो लागणार नव्हता हे तिलाही माहीत होतं. मी लावून द्यायला खाली बसले. तिचा पट्टा मुळात सुटलेलाच नव्हता.

त्यानंतर दादाने टकटक करणं सोडलं. नवीन फळीला हात लावला नाही. आलेली दुरुस्ती तेवढी करायचा, आधीच्या कारागिराला शिव्याही देईनासा झाला. गल्लीतली माणसं मला विचारायला लागली, टकटक्या आजारी आहे का. मी काय सांगणार? नापास झाल्यावर माणूस खचतो हे लोकांना समजतं, पास होऊन खचलेला माणूस त्यांना कसा समजवायचा? रात्रंदिवस त्याच्या टकटकीने मी वैतागलेली असायचे, आणि आता खालून काहीच ऐकू येत नाही म्हणून माझं मशीनवर लक्ष लागेना.

असे बरेच महिने गेले. उन्हाळा आला, कोरडा, ओठ फुटतील असा. आणि एका दुपारी उंचबाई वाकून दारातून आत आली, नवं व्हायोलिन घेऊन. मी तेव्हा खालीच होते.

"कालपर्यंत सोन्यासारखं वाजत होतं," ती म्हणाली. "आज काढलं तर काहीतरी बिघडलंय. जोरच नाही त्याच्यात."

दादाने व्हायोलिन हातात घेतलं आणि कडेकडेने पेराने वाजवत गेला. टक, टक, टक. खालच्या बाजूला आल्यावर आवाज बद्द झाला. "सांधा उघडलाय," तो म्हणाला. "हवा कोरडी आहे, व्हायचंच. काळजी करू नका, जोडून देतो." आणि सवयीने गज उचलून त्याने एका मोकळ्या तारेवर ओढला. दादाला व्हायोलिन वाजवता येत नाही. मोकळ्या तारा ओढता येतात, तेवढंच.

गज टोकापर्यंत गेला आणि दादा तसाच उभा राहिला. मग दुसरी तार ओढली. मग पुन्हा पहिली.

"बघा ना," उंचबाई म्हणाली, "हवा गेल्यासारखं वाजतंय."

"अगं," दादाने आत हाक मारली, "जरा इकडे ये."

वहिनी हात पुसत आली. दादाने पुन्हा गज ओढला. वहिनीने काय झालं म्हणून विचारलं नाही. ती सरळ त्याच्यापाशी गेली आणि व्हायोलिनच्या खालच्या कडेवर अंगठ्याचं नख ठेवलं, नेमकं तिथे, जिथे सांधा उघडला होता. तिला ती जागा कुणी सांगितली नव्हती. मला एकदम तिचे सगळे उन्हाळे आठवले, मांडीवरचं व्हायोलिन आणि इकडून तिकडे फिरणारं नख.

दादानेही ते नख बघितलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"जास्त बिघडलंय का?" उंचबाईने घाबरून विचारलं. मी तिचा हात धरला आणि चहाला म्हणून वर घेऊन गेले. जिन्याचं दार मात्र उघडं ठेवलं. मी काही संत नाही.

मी चहाचं पाणी चढवलं. मग वहिनीचा आवाज आला. ती सांगत होती की पहिल्यांदा सांधा जोडून नेला, त्या दिवशी घरी जाऊन तिने वाजवून बघितलं आणि तो श्वास गेलेला होता. पुढच्या आठवड्यात ती तेच सांगायला परत आली होती. जोडलेलं उघडून द्या म्हणायला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दारातच विचारलंत, कसा झालाय सांधा. तुमचं तोंड असं फुललेलं होतं. मी म्हटलं, छान." वहिनी सांगत गेली. "आणि मला वाटलं, उघडेल आपोआप. आमच्या घरी दर उन्हाळ्यात उघडायचा. आजोबा तसाच ठेवायचे, चार महिने तसंच वाजवायचे, आणि हवा बदलली की जोडून घ्यायचे. त्या वर्षी मीच घाईने उन्हाळ्यातच जोडून घेतला. मी म्हटलं, येत्या उन्हाळ्यात उघडेल. मग त्याच्या पुढच्या. तुम्ही जोडलेला सांधा काही उघडलाच नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. आणि तोवर तुम्ही त्या आवाजाच्या मागे लागला होतात. मग कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्हीच तो बंद केलात?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा बसला असावा.

"मी सरस जाड घेतला होता," तो म्हणाला. "म्हातारा झोपला होता, बघायला कुणी नव्हतं. मला वाटलं, हिचं व्हायोलिन पुन्हा कधी म्हणून उघडता कामा नये."

"मग मी ते घेऊन तुमच्याकडे यायचे कशी?" वहिनी म्हणाली. ती हसत होती की रडत होती, ते मला वरून कळलं नाही.

माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाची पँट उसवायची पडली होती. मी तिच्यात तोंड खुपसून रडले. उंचबाई बिचारी चहाचा कप हातात धरून बघत राहिली. मला रागही आला होता, दोघांचाही. एका छपराखाली राहून दोन माणसं एकाच आवाजासाठी झुरत राहिली, एक लाकूड कोरत आणि एक उन्हाळ्याची वाट बघत, आणि एकाला वाईट वाटू नये म्हणून दुसरी "छान आहे" म्हणत जेवायला वाढत राहिली. आणि दादा तर कारागीर. पण त्याचंही खरं आहे. उघडा सांधा हा त्याच्या लेखी रोग. रोग बरा केल्यावर माणसाचा आवाज गेला, असं कुठल्या डॉक्टरच्या मनात येईल? त्याने मापं काढली ती बऱ्या केलेल्या व्हायोलिनची, आणि नक्कल केली ती त्याचीच. नक्कल उत्तम उतरली, यात काही शंका नाही.

त्याच दिवशी त्याने उंचबाईचं व्हायोलिन जोडून दिलं. आधी विचारलं होतं, असंच ठेवायचं का म्हणून. "बिघडलेलं?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की तुमच्या भावाची तब्येत बरी आहे ना. पातळ सरस, दोन चिमटे, काम झालं. तिने वाजवून बघितलं आणि खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दादाने वहिनीचं जुनं व्हायोलिन टेबलावर घेतलं.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "जुनं लाकूड आहे, फाटेल."

"फाटलं तर माझ्या हातून फाटेल," दादा म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

पातळ, बोथट सुरी, कोमट पाणी आणि बारीक ब्रश. पाण्याचा एक थेंब फटीला लावायचा, थांबायचं, सुरीचं टोक जरासं आत सारायचं, पुन्हा थांबायचं. दुपारभर खपून नखभर सांधा सुटायचा. असं कित्येक दुपारी चाललं. मी वर मशीन बंद ठेवायचे, न जाणो माझ्या हादऱ्याने सुरी घसरायची. एका दुपारी सगळं शांत असताना दादाचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा वैतागलेला, "कुठल्या गाढवाने एवढा सरस ओतलाय." आणि मग त्याला स्वतःलाच समजलं असावं, कारण तो एकदम गप्प झाला.

"होता एक," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

ज्या दिवशी सांधा सुटला त्या दिवशी वहिनी स्वतः मला बोलवायला जिन्यात आली. "वन्सं, खाली या जरा," एवढंच म्हणाली. मी हातातला उसवलेला फ्रॉक तसाच घेऊन खाली गेले आणि शेवटच्या पायरीवर बसले. लाकूड फाटलं नव्हतं. खालच्या कडेला केसाएवढी काळी रेघ दिसत होती.

दादाने व्हायोलिन तिच्यापुढे धरलं. तिने डावा हात उचलून दाखवला. आखडलेली बोटं अर्धवट मिटलेलीच होती.

"ही चालत नाहीत हो," ती म्हणाली. "आता उशीर झाला."

"बोटं कशाला हवीत? त्या दिवशी तरी कुठे लावली होतीस?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने व्हायोलिन घेतलं, हनुवटीखाली धरलं, मिटलेल्या मुठीचा नुसता आधार दिला. उजव्या हातात गज घेतला. दादा टेबलामागे जाऊन उभा राहिला. स्टोव्हवर दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी सरस ठेवलेला होता, त्याचा वास खोलीभर पसरला होता.

"काय झालंय याला?" दादाने विचारलं.

"ऐका," वहिनी म्हणाली.

तिने चारही तारांवरून एकेकदा गज ओढला. सावकाश, एकीनंतर एक. खरं सांगायचं तर मला काही वेगळं ऐकू आलं नाही. एक तार जाड, एक बारीक, मधल्या दोन मधल्या. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. ते जवान झालं वगैरे मी म्हणणार नाही, म्हाताऱ्या माणसाचंच तोंड होतं, दाढी वाढलेली, डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. स्टोव्हवरचा सरस फुगून काठाशी आला होता. वहिनीने शेवटच्या तारेवरून गज उचलला, तरी दोघं कान देऊन तशीच उभी होती, म्हणजे अजून काहीतरी ऐकू येत असणार.

"सांधा उघडलाय," वहिनी म्हणाली.

"जोडून देऊ?"

"नको."

दादाने हात लांब करून स्टोव्ह बंद केला.